सरावसंच अर्धाच सोडवून घ्या

सातवीच्या गणितात समप्रमाण-व्यस्तप्रमाणाचा धडा संपतो तेव्हा मुलं उदाहरणं धडाधड सोडवत असतात. वह्या तपासताना आपल्यालाही बरं वाटतं. मग वार्षिक परीक्षेच्या तयारीत तीच उदाहरणं बाकीच्या धड्यांच्या गर्दीत येतात आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘बाई, इथं गुणायचं का भागायचं?’ त्या मुलाला गुणाकार येतो, भागाकारही येतो. कुठे काय करायचं ते ठरवता येत नाही, कारण ठरवायची वेळ त्याच्यावर आलेलीच नसते. वर ‘व्यस्तप्रमाण’ असं लिहिलं असेल तर खालची सगळी उदाहरणं व्यस्तप्रमाणाचीच असणार, एवढं कोणालाही कळतं. पेशंटच्या हातात आजाराचं नाव लिहिलेली चिठ्ठी देऊन डॉक्टरची परीक्षा घेण्यातलाच हा प्रकार.

मी सातारा जिल्ह्यात एका अनुदानित शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते. खाली सांगतेय ती उदाहरणं मिसळून देण्याची रीत सातवीच्या बालभारतीच्या पुस्तकावर बेतलेली आहे. पुस्तक बदललं तरी ती चालेल, कारण तिला नवं साहित्य लागत नाही. झेरॉक्सही लागत नाही.

अमेरिकेत फ्लोरिडामध्ये डग रोहरर हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातवीच्याच ५४ वर्गांवर प्रयोग केला. तो २०२० साली प्रसिद्ध झाला. शिक्षक आपापलेच, उदाहरणंही तीच. फरक फक्त क्रमाचा. काही वर्गांना एका प्रकारची उदाहरणं सलग दिली, काहींना तीच विखरून, इतर प्रकारांत मिसळून. चार महिने हे चाललं. मग सगळ्यांची सारखी उजळणी घेतली आणि महिन्याभराने न सांगता चाचणी. मिसळलेल्या वर्गांना सरासरी ६१ टक्के, सलगवाल्यांना ३८. शैक्षणिक संशोधनात एवढी तफावत सहसा दिसत नाही. आणि खर्च शून्य, म्हणून मला हा प्रयोग आवडतो. टॅब लागत नाही, प्रशिक्षणाला तालुक्याला जावं लागत नाही.

आता कृती.

धडा शिकवा नेहमीसारखाच. पहिल्या दिवशी मिसळायचं नाही. नवीन रीत हाताला बसायला एकाच प्रकारची चार-पाच उदाहरणं सलग हवीतच, ती वर्गात फळ्यावर करून घ्या. पण सरावसंचातली उरलेली उदाहरणं त्याच संध्याकाळी गृहपाठाला देऊन मोकळं व्हायची जी सवय आहे, ती सोडा. ती शिल्लक ठेवा. टाचणवहीच्या शेवटच्या पानावर धड्याचं नाव आणि शिल्लक उदाहरणांचे क्रमांक लिहा. ही तुमची शिधापेटी. महिन्याभरात तिच्यात तीन-चार धड्यांचा माल जमतो.

संकीर्ण प्रश्नसंग्रहाचाही माल ह्याच पेटीत टाका. पुस्तकात प्रत्येक विभागाच्या शेवटी तो दिलेला असतो, आणि बहुतेक शाळांत त्याची पाळी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात येते, तीही ‘घरी बघून घ्या’ म्हणून. पुस्तक करणाऱ्यांनी सरमिसळ करून हातात दिली होती. आपण ती शेवटच्या पानावर झोपवून ठेवली.

गृहपाठ असा काढायचा: सहा उदाहरणं, त्यांतली आजच्या धड्याची एक किंवा दोनच. बाकी पेटीतून. जानेवारीत सरळव्याज चालू असताना माझा एका दिवसाचा गृहपाठ साधारण असा असतो:

दसादशे ८ दराने ५००० रुपयांचं ३ वर्षांचं सरळव्याज काढा. ६ मजूर एका शेतातला कांदा ८ दिवसांत काढतात, तर १२ मजुरांना किती दिवस लागतील? ५ किलो कांदा १४० रुपयांना, तर ८ किलो कितीला? ठिबकच्या दोन नळ्या आहेत, ३६ मीटर आणि ४८ मीटर. काहीही वाया न घालवता सारख्या लांबीचे तुकडे करायचे, तर तुकडा जास्तीत जास्त केवढा? स्टँडवरून एका गावची एसटी दर २० मिनिटांनी सुटते, दुसऱ्या गावची दर ३० मिनिटांनी. सकाळी ८ वाजता दोन्ही सुटल्या, पुन्हा एकत्र कधी सुटतील? आणि (−७) × (−३).

मजुरांच्या उदाहरणाला लागून किलोचं उदाहरण आहे, आणि दोन्हींत कांदाच आहे. ते मुद्दाम. ‘मजूर दिसले की व्यस्त, रुपये दिसले की सम’ असले ठोकताळे मुलं फार लवकर शोधून काढतात, म्हणून पुढच्या आठवड्यात मजुरांची मजुरी विचारायची. तसंच नळ्या आणि एसटी. मसावि आणि लसावि ही जोडी वेगवेगळ्या दिवशी दिली तर दोन्ही येतात. शेजारी शेजारी दिली की कोणाला खरंच समजलंय ते लगेच कळतं. तेव्हा मिसळताना वाटेल तशी भेळ करू नका. ज्यांच्यात गल्लत होते ती जोडीने आणा: मसावि आणि लसावि, परिमिती आणि क्षेत्रफळ, सम आणि व्यस्त. क्रमांकांसमोर धड्याचं नाव मात्र लिहायचं नाही, नाहीतर सगळंच मुसळ केरात.

समासात एक ओळ सक्तीची: आधी रीत आणि कारण, मग आकडेमोड. ‘व्यस्त, कारण माणसं वाढली की दिवस कमी.’ एवढं पुरे. एका मुलीने एसटीच्या उदाहरणाला लिहिलं होतं, ‘लसावि, कारण गाड्या पुढेच जाणार, ८ च्या आधी येणार नाहीत.’ पुस्तकी उत्तर नाही हे, पण मला ह्याहून चांगलं नको. आठवड्यातून एकदा तर मी फक्त हीच ओळ घेते. फळ्यावर आठ उदाहरणं, सोडवायचं काहीच नाही, रीतीचं नाव आणि कारण लिहायचं. आकडेमोडीत कच्ची असलेली मुलंही ह्यात हिरिरीने उतरतात.

दुसरी गोष्ट तासिकेच्या सुरुवातीची. हजेरी चालू असताना फळ्यावर चार प्रश्न: कालचा, मागच्या आठवड्यातला, मागच्या महिन्यातला, सहावीतला. पुस्तक दप्तरात, वही बंद, रफ वहीच्या मागच्या पानावर उत्तरं. सगळ्यांनी लिहायचं, हात वर करून एकाने सांगायचं नाही, कारण तो एक कोण असणार हे वर्गाला जूनपासून माहीत असतं. जुन्या घरांत दिवेलागणीला परवचा म्हणायचे, पाढे, पावकी, निमकी. न बघता आणि रोज, हे त्यातलं मर्म. पण एका सुरात म्हणताना नुसते ओठ हलवणारा निसटायचा, म्हणून मी लिहूनच घेते. पाच मिनिटांत उत्तरं फळ्यावर द्या, ज्याचं त्याने तपासावं. ही पायरी गाळू नका. चूक तशीच राहिली तर तीच पाठ होते.

गुण द्यायचे नाहीत. आकारिक मूल्यमापनाच्या रकान्यात ते बसवायचा मोह होतो, तो आवरा. अमेरिकेतल्या १४०८ शाळकरी मुलांना अशा आठवून सोडवायच्या छोट्या प्रश्नांबद्दल विचारलं, तेव्हा ७२ टक्क्यांनी परीक्षेची धास्ती कमी झाल्याचं सांगितलं. गुण चिकटले की ही पुन्हा घटक चाचणीच झाली, आणि शेजाऱ्याच्या वहीत माना वळायला लागतात.

तपासणीचा प्रश्न येणारच, साठ-साठच्या वर्गात. मी रोज सगळ्या वह्या तपासत नाही. सकाळी पहिली दहा मिनिटं वह्यांची अदलाबदल, मी उत्तरं सांगते, आणि ज्याची रीत चुकली ते हात वर करतात. आकडेमोड चुकलेले नाहीत, रीत चुकलेले. जिथे जास्त हात वर, ते उदाहरण उद्याच्या चारात.

आता तक्रारींची तयारी ठेवा. पहिले तीन-चार आठवडे गृहपाठात चुका वाढतात, वेळही जास्त लागतो. पालक सभेत कोणीतरी म्हणणारच, ‘बाई, शिकवलेलं सोडून भलतंच देता.’ मुख्याध्यापकांनाही लाल शाई जास्त दिसते. त्यांना मी अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग सांगते. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा दोनदा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने विचारलं तर चित्र उलटं: वाचणाऱ्यांना ४२, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. आपण गृहपाठ संध्याकाळी बघतो, म्हणजे पाच मिनिटांचा निकाल बघतो. पुस्तकात पिवळ्या पेनाने रेघा ओढणाऱ्या मुलांच्या पालकांनाही हेच ऐकवायचं. डनलोस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती पडताळल्या. त्यात रेघा ओढणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं तळाला गेलं, स्वतःची चाचणी आणि अंतर ठेवून केलेला सराव वर आला.

ह्या रीतीने काय होत नाही तेही सांगते. ज्याला भागाकारच येत नाही त्याला सरमिसळीने भागाकार येणार नाही. २०२४ च्या ‘असर’ ह्या शालेय शिक्षणाच्या पाहणीत ग्रामीण भारतातली पाचवीची ३०.७ टक्केच मुलं साधा भागाकार करू शकली. तीच मुलं दोन वर्षांनी आपल्या वर्गात येतात. त्यांच्यासाठी वेगळा गट आणि वेगळा वेळ हवा, आणि सहा उदाहरणांऐवजी तीन द्या. पण ती तीनही वेगवेगळ्या प्रकारची.

दिवाळीच्या सुट्टीत धडे उतरवून काढायला सांगू नका. शिधापेटीतली उदाहरणं द्या, रोजची दोन, समासातल्या ओळीसकट. आणि शाळा उघडली की पहिल्या दिवशी नवा धडा काढायचा नाही. वह्या बंद, फळ्यावर चार प्रश्न, चारही पहिल्या सत्रातले.