हृदयाच्या ब्लॉकेजसाठी लेझर सुचवले, तर काय विचारावे

अँजिओग्राफीचा अहवाल हाती आला की ‘स्टेंट टाळून लेझरने ब्लॉकेज काढता येईल का’ हा प्रश्न नाशिकमधील अनेक घरांत निघतो. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत लेझर हा स्टेंटचा पर्याय नसून, बलून आणि स्टेंट पुढे जावेत म्हणून वाट करून देणारे साधन आहे, हे आधी लक्षात घ्यावे.

या उपचारात मनगटातून किंवा जांघेतून बारीक तार अडथळ्यापलीकडे नेतात आणि तिच्यावरून प्रकाशतंतूंचा कॅथेटर (लवचिक बारीक नळी) सरकवून 308 नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण अगदी थोड्या थोड्या वेळासाठी सोडतात. तारच पलीकडे गेली नाही, तर हा मार्ग सहसा बंद होतो.

म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न ‘लेझर नेमके कशासाठी?’ हा विचारावा. जुन्या स्टेंटमध्ये पुन्हा झालेला अडथळा, पूर्ण न उघडलेला स्टेंट, बलून शिरू न देणारा ब्लॉक किंवा रक्ताची मोठी गुठळी ही पटण्याजोगी उत्तरे आहेत. धमनीत साठलेले घट्ट कॅल्शियम हे कारण सांगितले, तर रोटाब्लेशन (वेगाने फिरणाऱ्या बारीक टोकाने कॅल्शियम घासून काढणे) किंवा आयव्हीएल अधिक योग्य ठरेल का, हेही विचारावे. आयव्हीएलमध्ये दाबलहरींनी कॅल्शियमला तडे देतात. त्याला लेझर समजण्याची गल्लत सर्रास होते.

दुसरा प्रश्न अनुभवाचा. धमनीत अँजिओग्राफीचा डाय (एक्स-रेत धमनी दिसावी म्हणून सोडलेला द्रव) उरलेला असताना लेझर चालवल्यास दाब वाढून भिंत फाटू शकते, त्यामुळे सलाइनने तो धुऊन कॅथेटर अतिशय सावकाश, सेकंदाला सुमारे 1 मिलिमीटर किंवा त्याहून कमी वेगाने, पुढे न्यावा लागतो. ही शिस्त सरावातूनच येते. लेझर यंत्र प्रत्येक कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करण्याच्या कक्षात) नसते. मुंबई-पुण्याला दुसरे मत घ्यायचे झाल्यास केवळ छापील अहवाल न नेता अँजिओग्राफीची सीडी न्यावी.

खर्चाचा अंदाज लेखी मागावा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत लेझर कॅथेटरचा खर्च बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून तपासून घ्यावे.

छातीत अचानक तीव्र दुखू लागल्यास मात्र यातले काहीच शोधत बसू नये. 108 ला फोन करून अँजिओप्लास्टीची सोय असलेले जवळचे रुग्णालय गाठावे.

उपचारानंतर स्टेंट बसवला असल्यास रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या ठरलेल्या मुदतीपर्यंत घ्याव्यात. दात काढायचा असला तरी हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय त्या थांबवू नयेत.