बेचिराख गावाचा माग कसा काढावा

सातबाऱ्यावर गावाचे नाव असते, भूमी अभिलेख कार्यालयात त्याचा नकाशा असतो, शेतसाराही त्याच नावाने भरला जातो, पण त्या शिवारात संध्याकाळी एकही दिवा लागत नाही. अशा गावाला आपल्याकडे महसुली भाषेत ‘बेचिराख’ म्हणतात. फारसीत ‘चिराग’ म्हणजे दिवा, तेव्हा बेचिराख म्हणजे दिवा नसलेले. विदर्भात याच अर्थाने ‘रीठ’ किंवा ‘रिठी’ हा शब्द चालतो आणि तिकडे कित्येक मौजांच्या नावालाच ‘रिठी’ कायमचे चिकटलेले आहे. माणसे निघून गेली तरी गाव कागदावर टिकते, कारण महसुली गाव ही मुळात जमिनीची हद्द आहे, वस्ती नव्हे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील सुमारे ४३ हजार ६०० गावांपैकी अडीच हजारांहून अधिक गावे निर्जन म्हणून नोंदलेली आहेत. त्यांपैकी एखादे आपल्या तालुक्यात असेल आणि ते का उठले हे शोधायचे असेल, तर त्यासाठी हे टिपण आहे.

कामाला लागण्यापूर्वी प्रश्न नीट मांडून घ्यावा. बहुतेक जण ‘गाव कशाने उठले?’ असे विचारतात आणि दुष्काळ, पटकी, लूट किंवा शाप यांपैकी एक उत्तर मिळाले की वही मिटतात. पण दुष्काळ एका गावापुरता कधीच नसतो. १६३० ते १६३२ या वर्षांच्या दुष्काळाने दख्खनचा मोठा मुलूख ओस पडला. १८०३-०४ मध्ये होळकर-पेंढाऱ्यांच्या धामधुमीमागोमाग आलेल्या दुष्काळाने पुणे जिल्ह्यातील पुष्कळ गावे रिकामी झाली. तरी त्यांतली बहुतेक पुन्हा वसली. खुद्द पुणे १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने जाळले आणि तेथे गाढवाचा नांगर फिरवला. पुढे जिजाबाई आणि दादोजी कोंडदेव यांच्या देखरेखीखाली ते वसले, ते आजतागायत वाढतेच आहे. म्हणून खरा प्रश्न असा की लोक निघून गेल्यावर परत का आले नाहीत, आणि शेजारच्या गावात आले तर येथेच का नाहीत? पुढचा सगळा खटाटोप या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

पहिले काम घरबसल्या होते. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका १९५१ पासून गाववार मिळतात. त्यांत आपले गाव शोधून एकेक दशक मागे जावे आणि लोकसंख्येचा शेवटचा आकडा कोणत्या वर्षी दिसतो ते टिपावे. आकडा १९५१ मध्येही शून्य असेल तर गाव त्याआधीच उठले, एवढे निश्चित होते. मात्र येथे एक फसगत संभवते. कधी कधी वस्ती उठलेली नसते, ती शेजारच्या मौजाच्या हद्दीत सरकलेली असते आणि तिची गणना तिकडे होते. उलट काही मौजे केवळ रानाच्या किंवा गायरानाच्या हद्दी असतात, तेथे वस्ती कधी नव्हतीच. त्यामुळे गावाचा जुना नकाशा पाहून त्यात गावठाण दाखवले आहे की नाही याची खात्री करावी. गावठाणच नसेल तर शोध तेथेच थांबवलेला बरा.

गावठाण सापडल्यावर तोच भाग उपग्रहचित्रात पाहावा. घरे पडून शंभर वर्षे झाली तरी पायवाटा आणि गाडीवाटा सहसा मोडत नाहीत, कारण त्यांच्या दोन्ही अंगांना बांध पडलेले असतात. चारी बाजूंनी आलेल्या वाटा शेतांच्या मधोमध एका मोकळ्या जागी मिळत असतील आणि तेथे काहीच नसेल, तर तेथे पूर्वी गाव होते असे समजायला हरकत नाही.

प्रत्यक्ष जागेवर जाण्याआधी मात्र त्या हद्दीच्या सरपंचांना, पोलीस पाटलांना आणि जमीन कसणाऱ्याला आपण काय करणार आहोत ते सांगावे. हा केवळ शिष्टाचार नव्हे. ओसाड गावठाणात हातात वही आणि फोन घेऊन फिरणारा परका माणूस दिसला की तो गुप्तधन शोधायला आला आहे, असाच पंचक्रोशीचा समज होतो, आणि तो समज एकदा झाला की कोणी काही बोलत नाही. उकरायचे तर नाहीच. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, आणि संरक्षित स्थळ असेल तर पुरातत्त्व खात्याचे नियम त्याहून कडक असतात. आपले काम पृष्ठभागावर पाहून भागते. त्यासाठी पहिले एक-दोन पाऊस पडून गेल्यानंतरचे दिवस उत्तम, कारण खापरे धुऊन वर आलेली असतात आणि गवत अजून माजलेले नसते.

जागा ओळखण्याची खूण मातीतच असते. शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, हा आपल्या गावगाड्याचा जुना भेद आहे. मातीच्या भिंती, चुलीची राख आणि शेणसडा पिढ्यान्‌पिढ्या साचून गावठाणाची माती खरोखरच पांढुरकी होते. काळ्या रानात असे पांढरे टेकाड दिसले की ते पुरे. दुर्दैवाने हीच माती धाब्याच्या छपरांसाठी आणि खत म्हणूनही उत्तम असल्याने अनेक टेकाडे गाड्या भरभरून नेली गेली आहेत. जे उरले आहे त्यावर फिरताना काही साध्या वस्तूंकडे लक्ष ठेवावे. मातीच्या चिलमीचा तुकडा मिळाला तर तेथे सतराव्या शतकात किंवा त्यानंतर माणसे राहत होती, कारण तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला आणि सतराव्या शतकातच सर्वदूर पसरला. मंगलोरी कौलाचा तुकडा मिळाला तर काळ आणखी अलीकडे येतो, कारण त्या कौलांचे कारखाने मंगळूरला १८६० च्या दशकात सुरू झाले. काचेच्या बांगड्या, जात्याची तळी, वेशीजवळचा मारुती, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराची कोरीव शिळा), बारव (पायऱ्यांची विहीर), यांची छायाचित्रे घेऊन जागा नकाशावर टिपाव्यात. एक सावधगिरी अशी की तांबूस रंगावर काळी नक्षी असलेली, वाजवली तर खणखणीत वाजणारी खापरे दिसली तर ती जोर्वे संस्कृतीची, म्हणजे अडीच हजार वर्षांहून जुनी असू शकतात. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केले. ती वस्ती इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास उठली, आणि वाढत गेलेला रखरखीतपणा हे तिचे कारण मानले जाते. एकाच टेकाडावर असे दोन वेगळे अंत एकावर एक असू शकतात. आपल्या कागदांतले गाव त्यांपैकी वरचे.

आता कागद. तहसील कार्यालयातील जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलांच्या गाव नमुना सहामधील नोंदी, पाहिल्या तर जमिनी केव्हा विकल्या गेल्या आणि घेणारे कोणत्या गावचे होते हे कळते. पाच-दहा वर्षांत बहुतेक जमिनी एकाच शेजारच्या गावाकडे गेलेल्या दिसल्या तर लोक कोठे पांगले याचाही अंदाज येतो. त्यामागचा काळ पाहायचा तर पुण्याचे पुरालेखागार गाठावे लागते. पेशवे दफ्तर मोडी लिपीत आहे आणि ते वाचायला जाणकाराची मदत घ्यावी, पण काय शोधायचे ते आपल्याला माहीत हवे. ‘गतकूळ’ हा शब्द दिसला की थांबावे. ज्या मिरासदाराचे, म्हणजे वंशपरंपरेने जमीन धारण करणाऱ्या शेतकऱ्याचे, घराणे खुंटले किंवा परागंदा झाले त्याची जमीन गतकूळ म्हणून नोंदली जाई, आणि गतकूळ जमिनीचे प्रमाण वाढत जाणे म्हणजे गाव हळूहळू रिकामे होत जाणे. दुसरा शब्द ‘कौल’ आणि तिसरा ‘इस्तावा’. ओसाड गाव पुन्हा वसवण्यासाठी सरकार पाटलाला अभयाचा कौल देई आणि सारा पहिल्या वर्षी अगदी थोडा, मग दरसाल चढत जाऊन काही वर्षांनी पूर्ण, असा इस्तावा बांधून देई. आपल्या गावाला असा कौल दिला गेला होता का, आणि दिला असूनही कोणी आले नाही का, हे कळले तर अर्धे उत्तर हाती आले.

सारा हे कारण किती मोठे असते याचे इंदापूर तालुक्यासारखे उदाहरण नाही. इंग्रजी अमलाच्या आरंभी रॉबर्ट कीथ प्रिंगल याने पुणे जिल्ह्याची जमीनमोजणी करून आकारणी बसवली. निव्वळ उत्पन्नाच्या पंचावन्न टक्के, असे तिचे कागदावरचे सूत्र होते. ती आकारणी १८३० च्या सुमारास लागू झाली आणि इंदापुरात शेतकरी जमिनी टाकून निजामाच्या मुलखात निघून गेले. पाऊस कमी आणि भाव पडलेले, हेही खरेच. पण गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी फेरमोजणी करून १८३६ मध्ये सारा उतरवला आणि तीस वर्षांसाठी बांधून दिला, तेव्हा पडीक जमीन पुन्हा लागवडीखाली येऊ लागली. पाऊस तोच होता, बदलला होता तो सारा. त्याच तालुक्यात पळसदेवचे जुने गाव उजनी धरणाच्या जलाशयात गेले आणि पाणी ओसरले की पळसनाथाचे मंदिर उघडे पडते. तेथे मात्र परतण्याचा प्रश्नच उरला नाही.

म्हणून अलीकडच्या शंभर वर्षांतले गाव असेल तर आधी धरण, अभयारण्य आणि भूकंप यांची शक्यता तपासून पाहावी, कारण तेथे उत्तर सरळ असते आणि कागदही भरपूर मिळतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी नेण्यात आली, त्यांची जुनी गावठाणे ओस पडली. मात्र अशी गावे स्थलांतरित म्हणावीत, नाहीशी झालेली नव्हेत. गोव्यात सांगे तालुक्यातले कुर्डी साळावली धरणाखाली गेले, तरी उन्हाळ्यात पाणी उतरले की तेथील लोक सोमेश्वराच्या उत्सवासाठी जमतात.

माणसांशी बोलणे शेवटी ठेवावे, कारण तोवर आपल्याला काय विचारायचे ते कळलेले असते. ‘गाव का उठले’ असे थेट विचारू नये. लगेच सतीच्या शापाची कथा ऐकायला मिळते. ती लिहून घ्यावी, कारण कोणत्या घराण्याने कोणावर अन्याय केला असे गाव मानत होते हे तिच्यात असते, पण ते कारण म्हणून नोंदवू नये. त्याऐवजी बाजार कोणत्या गावाला होता, पिण्याचे पाणी कोठून आणीत, प्लेगच्या साली लोक कोठे राहायला गेले, असे विचारावे. १८९६ नंतरच्या प्लेगात लोक गावठाण सोडून रानात झोपड्या बांधून राहत, आणि विहिरीजवळ राहण्याची सोय एकदा कळल्यावर काही जण तेथेच राहिले. तसेच १८६० पर्यंत पुणे-सोलापूर लोहमार्ग झाला आणि जुन्या वाटेवरच्या मुक्कामांचा व्यापार स्थानकांकडे सरकला. ही कारणे हळूहळू काम करतात, म्हणून ती कोणाच्या आठवणीत ‘घटना’ म्हणून राहत नाहीत.

गावाचे नाव आडनावात शिल्लक असते. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे कुर्डी पाण्याखाली गेले, नाव मात्र गाण्याबरोबर राहिले. आपल्या गावाच्या नावाला ‘कर’ लावून जे आडनाव होईल ते पंचक्रोशीत शोधावे. त्या घरांचे कुलदैवत अजून ओसाड गावठाणात असेल तर लग्नानंतर जोडपे कोठे नेतात ते विचारावे. त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत, आणि दक्षिण महाराष्ट्रात वंशावळी सांगणाऱ्या हेळव्यांकडे, घराण्याचे मूळ गाव आणि पुढचे गाव दोन्ही नोंदलेले सापडतात.

एवढे झाल्यावर लिहायला बसावे आणि आधी दोनच तारखा मांडाव्यात: वस्ती असल्याचा शेवटचा पुरावा आणि गाव ओसाड असल्याची पहिली नोंद. या दोहोंच्या मधली वर्षे बहुधा वीस-तीस निघतात. त्या काळातले दुष्काळ, साथी, साऱ्याचे दर आणि बाजाराची हलवाहलव एका बाजूला लिहावी आणि तीच वर्षे काढून टिकलेल्या शेजारच्या गावाची माहिती दुसऱ्या बाजूला. ज्या ओळीत दोन्ही गावे वेगळी पडतात, तेथून पुन्हा विचारायला सुरुवात करावी. बहुतेकदा ती ओळ पाण्याची किंवा साऱ्याची असते.