सॉव्हरिन हिलचा एक दिवस कसा आखावा

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्नपासून सुमारे ११० किलोमीटरवर असलेल्या बॅलरॅट येथे ऑगस्ट १८५१ मध्ये सोने सापडले आणि थोड्याच दिवसांत जगभरातून आलेल्या माणसांनी तो परिसर खणून काढला. त्या पहिल्या दशकातले गाव पुन्हा उभे करणारे सॉव्हरिन हिल हे खुले संग्रहालय १९७० मध्ये सुरू झाले. जुन्या खाणींच्या जमिनीवरच ते वसलेले आहे. पुष्कळ पर्यटक मुख्य रस्त्यावर छायाचित्रे काढतात, घोडागाडीत बसतात आणि दोन तासांत परत फिरतात. माझे सांगणे असे की येथे पूर्ण दिवस द्यावा आणि तो सोन्याच्या वाटेनेच आखावा. आधी ओढा, मग खाण आणि शेवटी भट्टी असा क्रम ठेवला, तर गावातली बाकीची दुकाने, छावण्या आणि शिपाई तेथे का आहेत हे आपोआप उलगडत जाते.

मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्थानकावरून बॅलरॅटला जाणारी व्ही-लाइन या प्रादेशिक रेल्वेसेवेची गाडी साधारण दीड तास घेते. रेल्वे स्थानकावरून पुढे बस मिळते. बॅलरॅट मेलबर्नपेक्षा उंचावर असल्याने तेथे थंडी अधिक असते आणि जून ते ऑगस्ट या महिन्यांत जाड कोट लागतोच. रस्ते मातीचे व चढउताराचे आहेत, पाऊस पडला की चिखल होतो. त्यामुळे पूर्ण पाय झाकणारे, पकड असलेले बूट घालावेत. प्रवेशशुल्कात बहुतेक गोष्टी येतात, परंतु घोडागाडीची फेरी आणि जुन्या पोशाखातली छायाचित्रे यांना वेगळे पैसे पडतात. मार्गदर्शकासह होणाऱ्या खाणफेरीचे शुल्कही तिकीट घेतानाच विचारून घ्यावे.

आत शिरताच त्या दिवसाचे वेळापत्रक मिळवावे. सोने ओतण्याचे प्रात्यक्षिक, लाल डगलेवाल्या शिपायांचे संचलन आणि खाणफेरी यांच्या वेळा आधी नक्की कराव्यात व बाकीचा दिवस त्यांच्याभोवती बसवावा.

सुरुवात ‘रेड हिल गली’ (इंग्रजी ‘गली’ म्हणजे घळ) येथील ओढ्यापासून करावी, कारण दिवस चढला की शाळांच्या सहली येतात आणि काठावर बसायला जागा उरत नाही. तेथे सोने गाळण्याच्या थाळ्या ठेवलेल्या असतात, ओढ्यात खरे सोने असते आणि जे सापडेल ते आपले. थाळी साधारण अर्धी भरेल इतकी वाळू-खडी फावड्याने घ्यावी. ती पाण्याखाली धरून चिकणमातीची ढेकळे बोटांनी पूर्ण फोडावीत, कारण सोन्याचा कण ढेकळात अडकला तर तो ढेकळाबरोबरच वाहून जातो. मोठे खडे धुऊन काढून टाकावेत. यानंतर थाळी पाण्यात आडवी ठेवून डावीउजवीकडे जोराने हलवावी. पाण्याच्या एकोणीसपटींहून अधिक जड असलेले सोने या हलवण्याने तळाशी बसते. गारगोटीची वाळू मात्र पाण्याच्या जेमतेम अडीच पटींहून थोडी अधिक जड असते, म्हणून ती वर राहते. आता थाळी पुढच्या बाजूला किंचित कलती करून पाण्याने वरचा थर हळूहळू वाहू द्यावा, पुन्हा आडवी हलवावी, पुन्हा कलती करावी. घाई करणारे बहुतेक जण कलती करण्यावर भर देतात आणि हलवणे विसरतात. तेथेच सोने हातचे जाते. शेवटी चमचाभर काळी वाळू उरली की थोडे पाणी घेऊन थाळी गोल फिरवावी. काळ्या वाळूच्या मागे राहिलेला पिवळा ठिपका सावलीतही पिवळाच दिसतो. थाळी तिरकी केल्यावर ज्याची चमक जाते ते अभ्रक समजावे. कण बोटाच्या टोकाने उचलून पाण्याने भरलेल्या लहान बाटलीत सोडावा.

वाकून वाकून पाठ भरून आली की परवान्याची गोष्ट नीट कळते. सोने सापडो वा न सापडो, खाणकामगाराला महिन्याला ३० शिलिंग (म्हणजे दीड पौंड) भरून परवाना घ्यावा लागे आणि तो तपासायला पोलीस येत. या जाचातून ३ डिसेंबर १८५४ रोजी बंड केलेले खाणकामगार आणि सरकारी सैन्य यांच्यात युरेका स्टॉकेडची चकमक झाली. पुढच्याच वर्षी मासिक परवाना जाऊन वर्षाला एक पौंडाचे खाणकामाचे हक्कपत्र आले. गावात फिरणारे पोशाखातले अधिकारी परवाना मागतात तेव्हा नुसते हसून पुढे न जाता थांबावे आणि प्रश्न विचारावेत. ते कसलेले कलाकार आहेत आणि विषय जाणतात.

चिनी छावणी चुकवू नये. १८५५ मध्ये व्हिक्टोरियाच्या सरकारने जहाजाने येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांचा कर बसवला, म्हणून हजारो जण शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियातील रोब बंदरावर उतरून शेकडो किलोमीटर चालत सोन्याच्या मुलखात आले. एवढे ठाऊक असेल तर त्या साध्या तंबूंकडे पाहण्याची नजर बदलते.

दुपारी रेड हिल खाणीत उतरावे. ९ जून १८५८ रोजी सापडलेल्या, सुमारे ६९ किलो वजनाच्या ‘वेलकम नगेट’ या सोन्याच्या गोळ्याची कथा तेथे सांगितली जाते. मार्गदर्शकासह होणाऱ्या फेरीत काही काळ गडद अंधार असतो, त्यामुळे लहान मुलांना आधी कल्पना द्यावी. खाणीतून बाहेर आल्यावर सोने ओतण्याचे प्रात्यक्षिक पाहावे. १०६४ अंश सेल्सियसला वितळणारे सोने मुशीतून साच्यात पडताना जवळून पाहायचे असेल, तर दहा मिनिटे आधी जाऊन पुढची जागा धरावी. उरलेल्या वेळात चाके बनवण्याचा कारखाना आणि रासबेरीच्या गोळ्या करणारे मिठाईचे दुकान पाहता येते. गोळ्यांचा पाक ओतला जात असेल त्या वेळीच तेथे जावे.

युरेकाच्या बंडात खाणकामगारांनी फडकवलेला मूळ ध्वज सॉव्हरिन हिलमध्ये नसून बॅलरॅटमधीलच युरेका केंद्रात आहे. तो त्याच दिवशी उरकण्याची धडपड करू नये. शक्य असल्यास रात्री बॅलरॅटला मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेथे जावे.