पोस्ट-पंक आणि हार्डकोरचे दुर्लक्षित गिटारवादक: त्यांचं वादन हातात कसं बसवायचं

'सर्वोत्तम गिटारवादकां'च्या याद्यांत पोस्ट-पंक (पंकनंतरचं प्रयोगशील रॉक) आणि हार्डकोर (पंकचंच अधिक वेगवान, आक्रमक रूप) यांतली अँडी गिल, जॉन मॅकगीओक, डी. बून ही नावं बहुधा तळाशी असतात, नाहीतर नसतातच. या याद्यांत सोलोला (गिटारनं एकटीनं वाजवलेल्या सुरावटीला) मान असतो आणि या मंडळींना सोलोचं फारसं अप्रूप नव्हतं. त्यांचं कसब उजव्या हातात आहे, आणि काय वाजवायचं नाही हे ठरवण्यात आहे. म्हणून पेडल (आवाज बदलणारी पेटी) घेण्याआधी हात तयार करा. ब्रिजजवळ (तारांच्या खालच्या टोकाशी) पिकअप असलेली कोणतीही इलेक्ट्रिक गिटार, एक मिलिमीटरच्या आसपासचं पिक, मेट्रोनोम आणि फोनवरचं रेकॉर्डिंग एवढ्यावर सुरुवात होते.

पहिला धडा अँडी गिलचा. लीड्सच्या गँग ऑफ फोरचा 'एंटरटेन्मेंट!' हा अल्बम १९७९चा. गिलला व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) अ‍ॅम्पचा उबदारपणा नको असायचा. तो ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प पसंत करायचा. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पवर जोरात मारलं की आघाताची धार गोलसर होते, आणि गिलच्या वादनात ती धारच सगळं काही आहे. गेन (आवाज फाटण्याची मात्रा) अगदी कमी ठेवा, रिव्हर्ब (घुमारा) बंद. ट्रेबल ७, मिड ६, बेस ३ इथून सुरू करा.

आता बारीक चार तारांवर कोणतीही मायनर कॉर्ड धरा आणि बोटं नुसती तारांवर टेकवून ठेवा, दाबू नका. मेट्रोनोम ९० बीपीएमवर (मिनिटाला ९० ठोके) लावा. उजवा हात एका ठोक्याला चार, म्हणजे चार ठोक्यांच्या एका बारमध्ये १६ स्ट्रोक, खाली-वर न थांबता चालू द्या. डाव्या हातानं फक्त १, ४, ७ आणि ११ या स्ट्रोकना कॉर्ड दाबा आणि लगेच सैल सोडा. हे स्थिर झालं की पुढची पायरी जास्त अवघड आहे: एक बार वाजवा, दुसरा बार पूर्ण गप्प राहा, आणि तिसऱ्या बारच्या पहिल्या स्ट्रोकवर बरोबर परत या.

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. म्यूट केलेल्या स्ट्रोकमधून मध्येच घंटीसारखा सूर निघतो, कारण ५, ७ किंवा १२व्या फ्रेटवर एकच बोट तारेला टेकलेलं असतं आणि तिथे हार्मोनिक तयार होतो. किमान दोन बोटं तारांवर आडवी टेकवा, किंवा कॉर्ड एक फ्रेट सरकवा. दुसरं म्हणजे गप्प बारमध्ये तारा गुणगुणत राहतात. उजवा तळहात तारांवर ठेवून त्या थांबवा आणि रेकॉर्डिंगचा आलेख बघा. गप्प बारमध्ये रेघ सपाट दिसली पाहिजे. तिथे कुसळं दिसली तर अजून हात सुटलेला नाही.

डी. बून हा कॅलिफोर्नियातल्या सॅन पेड्रोच्या मिनिटमेनचा. त्यांचा 'डबल निकल्स ऑन द डाइम' हा अल्बम १९८४चा, आणि १९८५च्या डिसेंबरमध्ये बूनचा मृत्यू झाला. बँडमधल्या माइक वॉटच्या बास गिटारला जागा राहावी म्हणून तो गिटारचा आवाज मुद्दाम पातळ, ट्रेबलने भरलेला ठेवायचा. अ‍ॅम्पचा बेस शून्यावर आणा, कॉर्ड फक्त पहिल्या तीन (सर्वांत बारीक) तारांवर वाजवा. एकट्यानं वाजवताना हा आवाज कानाला टोचेल. म्हणून बास वाजत असतानाच ऐकून सेटिंग ठरवा.

जॉन मॅकगीओकवर जास्त वेळ द्या. मॅगझिन, मग सूझी अँड द बॅनशीज, मग पब्लिक इमेज लिमिटेड हे त्याचे बँड, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा आवाज. बॅनशीजचा १९८१चा 'जूजू' हा अल्बम ऐका. मोकळ्या तारा सतारीच्या चिकारीसारख्या वाजत ठेवायच्या आणि खाली आकार हलवायचा, ही त्याची रीत. पाचव्या तारेवर ७वा आणि तिसऱ्या तारेवर ९वा फ्रेट दाबा. पहिली आणि दुसरी तार मोकळी. आठ सुरांचा क्रम असा: पाचवी, तिसरी, दुसरी, पाचवी, तिसरी, पहिली, दुसरी, तिसरी. मग हाच आकार ५ आणि ७ फ्रेटवर, पुढे ३ आणि ५वर. तर्जनीचं पोट चौथ्या तारेला हलकेच टेकवून ती गप्प ठेवा, पण तर्जनी फार आडवी झाली तर मोकळ्या ताराही मरतात. मनगट थोडं पुढे काढलं की बोट कमानीत राहतं.

फ्लँजर (आवाजावर लाटेसारखी हलती छटा चढवणारं पेडल) इथे लागतोच. मॅकगीओकनं आपला एमएक्सआर फ्लँजर माइक स्टँडवर बसवला होता, म्हणजे वाजवता वाजवता हातानं बटणं फिरवता यायची. वेग अगदी मंद ठेवा, एक फेरी ५ ते ८ सेकंदांची. रीजनरेशन (फ्लँजरचा आवाज पुन्हा त्याच्यातच फिरवणारं बटण) निम्म्याच्या खाली. वर नेलंत तर शिट्टी वाजू लागते. फ्लँजर डिस्टॉर्शनच्या (आवाज फाटका करणाऱ्या पेडलच्या) नंतर जोडा, कारण डिस्टॉर्शन केलेल्या आवाजात हार्मोनिक (मूळ सुराच्या वरचे उपस्वर) जास्त असतात आणि त्यांच्यावरच त्याची लाट ऐकू येते.

डेड केनेडीज या अमेरिकी पंक बँडच्या ईस्ट बे रेकडून एकच गोष्ट उचला: सर्फ गिटारची, कॉर्डऐवजी एकेका सुरानं वाजणारी रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट) आणि टेप इकोचा छोटा पडसाद. डिले (पडसाद येईपर्यंतचा वेळ) १२० मिलिसेकंदांच्या आसपास, पुनरावृत्ती एक-दोन, मिश्रण एक तृतीयांश. त्याहून लांब डिले वेगवान गाण्यात रिफचा चिखल करतो.

उरलं हार्डकोरचं बळ. १८० बीपीएमवर एका ठोक्याला दोन डाऊनस्ट्रोक (फक्त खाली मारलेले स्ट्रोक) म्हणजे सेकंदाला सहा. कोपरातून मारलंत तर अर्ध्या मिनिटात दंड भरून येतो. हालचाल मनगटातून हवी, आणि पिकचं टोक तारेखाली दोन-तीन मिलिमीटरच जायला हवं. १२० बीपीएमवर दोन मिनिटं, मग एक मिनिट विश्रांती. जमलं की ५ बीपीएम वाढवा. दुखलं तर तिथेच थांबा, कारण आखडलेला स्नायू वेग देत नाही.

हे जमल्यावर ब्लॅक फ्लॅग या हार्डकोर बँडच्या ग्रेग गिनकडे वळा. रिफच्या शेवटी स्केलबाहेरचा, अर्धा सूर वरचा स्वर मुद्दाम धरा आणि लगेच सोडवू नका, निदान दोन ठोके तसाच लोंबकळू द्या. त्यांच्या 'माय वॉर' या १९८४च्या अल्बमची दुसरी बाजू याच ताणावर, संथ गतीत उभी आहे, आणि वेगवान डाऊनस्ट्रोकपेक्षा ती वाजवणं कठीण जातं.