छोट्या विमानाच्या नुकसानीचा विमा घ्यायचा की नाही, हे मी कसं ठरवते

२०२२ सालच्या वसंतात टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या उत्तरेला एका संध्याकाळी वीसेक मिनिटं गारा पडल्या आणि माझं विमान गेलं. ते पडलं नाही, जळलंही नाही. जॉर्जटाउनच्या विमानतळावर उघड्यावर, टाय-डाउनला दोरांनी बांधलेलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा जागच्या जागीच उभं होतं. पंखांवर आणि पंखांमागच्या हलत्या भागांवर, म्हणजे फ्लॅपवर, एलेरॉनवर, लिंबाएवढे खळगे पडले होते. महिनाभरात विमा कंपनीनं ते 'टोटल', म्हणजे दुरुस्त न करता पूर्ण गेलं असं ठरवलं, मला ४६,००० डॉलर दिले आणि विमान नेलं. त्या सुमाराला तसंच दुसरं विमान ८०,००० च्या खाली मिळत नव्हतं.

विमा होता, हप्ता एकदाही चुकला नव्हता. तरी नुकसान झालं, कारण विमा घेताना विचारायचे प्रश्न मी अर्धवट विचारले होते. आता माझ्याकडे दुसरं विमान आहे. दर मे महिन्यात नूतनीकरणाचा कागद आला की मी हा हिशेब नव्यानं मांडते. इथल्या आपल्या मंडळींपैकी दोघा-तिघांनी हल्ली विमान घेतलंय किंवा घ्यायच्या बेतात आहेत. त्यांना फोनवर तुकड्या-तुकड्यांत सांगितलेलं इथे एकत्र लिहिते. हे सगळं अमेरिकेतलं, खाजगी वापराच्या चार आसनी, एक इंजिनाच्या विमानाबद्दल आहे.

माझं पहिलं विमान १९७४ चं सेस्ना १७२ एम, १५० हॉर्सपॉवरचं लायकॉमिंग इंजिन. २०१७ मध्ये ४६,००० ला घेतलं. मी धुळ्याची. गोंदूरच्या विमानतळावरून उडणारी शिकाऊ विमानं आमच्या गच्चीवरून दिसायची, आणि ते वेड तिथूनच लागलं. अण्णा आयुर्विम्याचे एजंट होते, त्यामुळे विमा या शब्दाची ओळखही घरातलीच. पण तीच ओळख इथे आड आली. आपल्याकडे विमा म्हणजे बचत. वीस वर्षं हप्ते भरायचे, शेवटी बोनससकट रक्कम हातात येते. विमानाच्या विम्यात काही परत येत नाही. वर्ष धड पार पडलं की हप्ता संपला. हे मनात स्वच्छ नसेल तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी 'एवढे पैसे बुडाले' असं वाटू लागतं आणि माणूस नको तिथे कात्री लावतो.

तर आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. एक लायबिलिटी: तुमच्या विमानामुळे दुसऱ्याला इजा झाली, कुणाचं घर किंवा गाडी मोडली, तर त्याची भरपाई. दुसरी 'हल', म्हणजे तुमच्या स्वतःच्या विमानाचं नुकसान. खाजगी विमानाला विमा असलाच पाहिजे असा केंद्रीय कायदा अमेरिकेत नाही. मिनेसोटासारख्या काही राज्यांत लायबिलिटी सक्तीची आहे, आणि इतरत्र विमानतळाच्या भाडेकरारात बहुधा ती अट असते. पण सक्ती असो-नसो, लायबिलिटीशिवाय एक मिनिटही उडू नका. साधारण पॉलिसी दहा लाख डॉलरची असते, त्यात दर प्रवाशामागे एक लाखाची मर्यादा. शेजारी तुमचा मित्र किंवा तुमचं मूल बसणार आहे. एक लाखात इथलं हॉस्पिटल किती दिवस चालतं ते आठवा, आणि प्रवाशांची वेगळी मर्यादा नसलेली पॉलिसी मिळते का ते विचारा. लायबिलिटीचा विषय माझ्यापुरता इथे संपतो. घ्यायचा की नाही हा प्रश्न फक्त हलबद्दलचा आहे.

कर्ज काढून विमान घेतलं असेल तर तोही उरत नाही, बँक हल मागतेच. एवढं लक्षात ठेवा की बँक त्यात स्वतःसाठी एक खास कलम घालून घेते. तुमच्या हातून पॉलिसीची अट मोडली तरी बँकेला तिचे पैसे मिळतात, तुम्हाला मात्र नाहीत. कंपनी बँकेला दिलेली रक्कम तुमच्याकडून वसूल करायलाही येऊ शकते.

रोख घेतलेल्यांनी हिशेबाला कागद घ्यावा. माझे या वर्षीचे आकडे देते. आताचं विमान पायपर चेरोकी, ठरवलेली किंमत ६०,००० डॉलर. नुसती लायबिलिटी वर्षाला ४५० च्या आसपास, हलसकट १,४५०. म्हणजे हलसाठी १,०००, किमतीच्या पावणेदोन टक्क्यांहून थोडं कमी. न मिटणारी चाकं आणि नाकाखाली चाक असलेल्या साध्या विमानाला, बऱ्यापैकी तास असलेल्या वैमानिकाला एक ते दोन टक्के पडतात. चाकं मिटणारी असतील, शेपटीला चाक असेल किंवा तुमचा परवाना नवाकोरा असेल, तर दर बराच चढतो. सत्तरी ओलांडलेल्यांना तर कंपन्याच कमी मिळतात.

६०,००० भागिले १,००० म्हणजे ६० वर्षं. साठ वर्षांत एकदाही विमान पूर्ण गेलं नाही तर विमा न घेणारा जिंकला. सरासरी काढली तर कंपनीच जिंकते, नाहीतर ती चालली नसती. म्हणून 'परवडतो का' या प्रश्नाला हा भागाकार उत्तर देत नाही. मी स्वतःला असं विचारते: उद्या सकाळी फोन आला की विमान संपलं, एक डॉलर मिळणार नाही, तर घरात काय बदलेल? मुलाच्या कॉलेजचे पैसे हलणार असतील, घराचा हप्ता ओढाताणीचा होणार असेल, किंवा पुन्हा कधीच विमान घेता येणार नसेल, तर विमा घ्या. माझ्याकडे तिसरी गोष्ट खरी आहे. ६०,००० गेले तर घर चालेल, पण माझं उडणं तिथेच थांबेल.

माझ्या शेजारच्या टाय-डाउनवरच्या आजोबांचं उत्तर वेगळं आहे आणि त्यांच्यासाठी ते बरोबर आहे. ते स्वतः परवानाधारक मेकॅनिक. त्यांचं सेस्ना १५० त्यांनी फार स्वस्तात घेतलं आणि जवळजवळ सगळं स्वतः बांधलं. पत्रा बदलायचा झाला तर मजुरी घरची. त्यांनी लायबिलिटी घेतली आणि हलमध्ये फक्त 'उभं असताना'चं संरक्षण.

हा मधला मार्ग पुष्कळांना माहीत नसतो. हलचे साधारण तीन प्रकार: विमान उभं असताना झालेलं नुकसान, जमिनीवर उभं किंवा चालत असताना झालेलं, आणि उड्डाणासकट सगळं. पहिला प्रकार पुष्कळच स्वस्त असतो. गारा, वादळ, चोरी, आग, शेजारचं विमान दोर तोडून येऊन आदळणं, हे सगळं त्यात येतं. टेक्सासमध्ये उघड्यावर विमान ठेवणाऱ्यानं निदान एवढं तरी सोडू नये. हँगरमध्ये ठेवणाऱ्यांनीही फार निर्धास्त राहू नये. ३ मार्च २०२० ला मध्यरात्रीनंतर नॅशव्हिलच्या जॉन सी. ट्यून विमानतळावरून टॉर्नेडो गेला, तेव्हा हँगर विमानांसकट जमीनदोस्त झाले.

मग उड्डाणाचं संरक्षण कशासाठी? आपल्या डोळ्यांपुढे अपघात म्हणजे रानात कोसळलेलं विमान येतं. साध्या विमानांचे दावे बहुतेक धावपट्टीवरचेच असतात. आडव्या वाऱ्यात उतरताना विमान उसळलं, नाकाचं चाक आपटलं, प्रॉपेलर जमिनीला टेकला. माणूस दार उघडून चालत बाहेर येतो. पण प्रॉपेलर गेला, सेस्ना १७२ असेल तर फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिनमधली भिंत, वाकलेली असू शकते, आणि इंजिन उघडावं लागतं. लायकॉमिंग इंजिनाचा प्रॉपेलर असा आपटला की क्रँकशाफ्टच्या गिअरची तपासणी एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाच्या) आदेशानं बंधनकारक आहे, आणि लायकॉमिंगचं म्हणणं पूर्ण इंजिन खोलून बघा असं. या एका आपटण्याचं बिल सहज पाच आकडी होतं. तुमचे तास शंभर-दीडशेच असतील तर उड्डाणासकट हल घ्या असं मी आग्रहानं सांगेन. पुढे अनुभव वाढला की पुन्हा विचार करा. 'मी जपून उडवतो' हे कारण मात्र नका धरू. गारा पडल्या तेव्हा मी घरी वरण-भात वाढत होते.

आता किमतीकडे येते, जिथे मी चुकले. विमानाच्या हल पॉलिसीत बहुधा ठरवलेली किंमत असते. विमान पूर्ण गेलं तर बाजारभाव काहीही असो, तीच रक्कम मिळते. २०१७ मध्ये मी ४६,००० लिहिले आणि पुढे तोच आकडा नूतनीकरण करत राहिले. हप्ता वाढत नाही याचं बरंच वाटायचं. २०२० नंतर जुन्या विमानांच्या किमती भराभर चढल्या आणि मी बघितलंच नाही.

गारांनंतर दुरुस्तीचा अंदाज निघाला ३४,०००. एलेरॉन आणि एलेव्हेटर (शेपटीवरचा हलता भाग) यांवरचे खळगे गाडीसारखे लांबी भरून बुजवता येत नाहीत. त्या भागांचं वजन आणि तोल बिघडला तर हवेत थरथर सुटू शकते, म्हणून तिथला पत्राच बदलावा लागतो. कंपनीनं मांडलेला हिशेब मला नंतर समजला. दुरुस्त केलं तर ३४,००० जाणार. टोटल केलं तर मला ४६,००० द्यायचे, आणि मोडकं विमान २०,००० ला विकलं जाणार, म्हणजे खर्च २६,०००. त्यांनी स्वस्त वाट घेतली, आणि करारानुसार तो त्यांचा हक्क होता. मी ८०,००० लिहिले असते, तर टोटल करायला ६०,००० लागले असते. मग त्यांनी ३४,००० घालून विमान दुरुस्त केलं असतं आणि आज ते माझ्याकडे असतं. वर्षाला हप्त्यातला फरक पाचशे-सहाशे डॉलरचा पडला असता.

उलटही होतं. ८०,००० च्या विमानाला हौसेनं १,१०,००० लिहिले आणि ७०,००० चं नुकसान झालं, तर कंपनीला टोटलपेक्षा दुरुस्ती स्वस्त पडते. विमान वर्षभर वर्कशॉपमध्ये पडून राहतं आणि लॉगबुकात मोठ्या अपघाताची नोंद घेऊन परत येतं. म्हणून दर नूतनीकरणाआधी मी तीन-चार तसल्याच विमानांच्या विक्रीच्या जाहिराती काढते. वर्ष, इंजिनाचे तास, रेडिओ जुळवून बघते, आणि 'असंच विमान परत घ्यायला आज काय लागेल' तो आकडा लिहिते. वर्षाच्या मध्येच नवा रेडिओ किंवा ऑटोपायलट बसवला तर त्याच आठवड्यात ब्रोकरला ईमेल करून किंमत वाढवून घेते.

काय मिळत नाही हेही वाचा. झीज, गंज, इंजिनाचं आतून बिघडणं हे तुमच्याच खिशातून. इंजिन हवेत बंद पडलं आणि तुम्ही शेतात उतरलात, तर उतरताना मोडलेल्या भागांचे पैसे मिळतात. आधीच बिघडलेल्या इंजिनाचे नाहीत. वार्षिक तपासणी, वैमानिकाचा दर २४ महिन्यांचा फ्लाइट रिव्ह्यू (प्रशिक्षकासोबतची उजळणी), त्याचं मेडिकल यांतलं काही संपलेलं असेल तर दावा नाकारला जाऊ शकतो. या तिन्ही तारखा मी फ्रिजवर लावून ठेवल्या आहेत. अर्जात उड्डाणाचे तास लॉगबुकात आहेत तेवढेच लिहा, अंदाजानं गोल करू नका. आणि मेक्सिकोत जायचं असेल तर तिथली वेगळी लायबिलिटी पॉलिसी लागते.

मित्रांना विमान देणाऱ्यांसाठी एक गोष्ट ठळक सांगते. पॉलिसीत वैमानिकांची नावं असतात, शिवाय 'इतके तास असलेला कुणीही' असं एक मोकळं कलम असतं. त्या कलमात बसणाऱ्या मित्रानं विमान मोडलं तर तुम्हाला पैसे मिळतात. मित्राला मात्र संरक्षण नसतं. कंपनी तुमचे पैसे भरून पुढे त्याच्यावर वसुलीचा दावा लावू शकते. आपल्यात 'घे रे, तुझंच समज' म्हणून किल्ली देण्याची पद्धत आहे. देण्याआधी त्याचं नाव पॉलिसीत घाला आणि वसुली सोडून देण्याचं कलम मागा, किंवा त्याला स्वतःचा भाड्याच्या विमानाचा विमा घ्यायला सांगा. भागीदारीत विमान असेल तर प्रत्येक भागीदार विमाधारक म्हणून कागदावर असलाच पाहिजे.

ब्रोकर एकच निवडा. थेट विकणारी ॲव्हेम्को सोडली तर बहुतेक कंपन्या ब्रोकरमार्फतच बोलतात. पहिल्या ब्रोकरनं दर मागितला की तीच कंपनी दुसऱ्याला तुमच्यासाठी दर देत नाही, त्यामुळे चार जणांकडे चौकशी करून फायदा होत नाही. नूतनीकरणाच्या दोन महिने आधी फोन करा. तीन दर लेखी मागा: नुसती लायबिलिटी, उभं असतानाचं हल, आणि उड्डाणासकट हल.

या मेमध्ये माझ्यासमोर हेच तीन कागद होते. ६०,००० चा आकडा खोडून ६४,००० केला, तिसऱ्या कागदावर सही केली आणि संध्याकाळी टाय-डाउनचे दोर बदलून आले; जुने उन्हानं विरले होते.