स्लीपिंग बॅग धुताना आणि ठेवताना या चुका टाळा

वऱ्हाडातल्या घरात रजई कशी सांभाळावी हे कोणाला शिकवावे लागत नाही. उन्हाळ्यात ती गच्चीवर किंवा टिनावर टाकून भरपूर ऊन दाखवायचे, घडी करून पेटीत दाबून ठेवायची, आणि चार-पाच वर्षांनी कापसाच्या गाठी झाल्या की पिंजाऱ्याला बोलवायचे. कापसासाठी हे सगळे बरोबरच आहे. परंतु हीच रीत स्लीपिंग बॅगला लावल्यामुळे चांगल्या चांगल्या बॅगांची दोन-तीन वर्षांत चिंधी झालेली मी पाहत आलो आहे. आमच्या भागातल्या भटक्या मंडळींच्या बॅगा माझ्या घरी सांभाळायला असतात. चिखलदऱ्याच्या हिवाळी शिबिराला, हिमालयातल्या ट्रेकला आणि क्वचित हरभऱ्याच्या जागलीलाही त्या माझ्याकडूनच जातात. परत येताना त्यांच्यावर जे झालेले असते, ते दर वर्षी इतके सारखे असते की माणसे वेगळी असल्याचे आश्चर्य वाटावे.

स्लीपिंग बॅगेतली ऊब भरावाच्या वजनात नसते, तर त्या भरावाने धरून ठेवलेल्या स्थिर हवेत असते. भराव दोन प्रकारचा असतो: बदक किंवा हंसाच्या छातीवरची मऊ पिसे, ज्याला डाऊन म्हणतात, किंवा पॉलिस्टरचे पोकळ, वळणदार तंतू. दोन्हींचे काम एकच, फुगून राहणे. ज्या कृतीने हा फुगवटा बसतो, ती कृती बॅगेचे आयुष्य कमी करते, हे एवढे डोक्यात ठेवले तर पुढच्या बहुतेक चुका होणारच नाहीत.

सर्वांत मोठी चूक म्हणजे बॅग तिच्या लहान पिशवीत कोंबून वर्षभर तशीच ठेवणे. ती पिशवी प्रवासासाठी असते, साठवणीसाठी नाही. पण कपाटावर नीटनेटकी दिसते म्हणून ती तशीच राहते, आणि नीटनेटकेपणाचा हा सोस फार महागात पडतो. जवळच्या एका गावातल्या शाळेने वर्गणी काढून मुलांसाठी पॉलिस्टर भरावाच्या बॅगा घेतल्या होत्या. हिवाळी शिबिर आटोपल्यावर कोणीतरी त्या सगळ्या आवळून लोखंडी पेटीत भरल्या आणि पेटी टिनाच्या खोलीत सरकवून दिली. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत बाहेरच पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास असतो. टिनाखालच्या बंद पेटीत त्याहून किती जास्त उष्णता साठत असेल याचा विचार कोणी केला नाही. इस्त्रीखाली जशी कापडाची घडी पक्की होते, तसे त्या दाबलेल्या तंतूंचे वाकलेले वळण उष्णतेने पक्के झाले. त्यावर पावसाळ्याचे चार महिने गेले, शिबिरातल्या दवाची राहिलेली ओल तशीच आत होती, आणि आतल्या आत बुरशी धरली. डिसेंबरमध्ये चिखलदऱ्याला, साधारण अकराशे मीटर उंचीवर, त्या बॅगा उघडल्या तेव्हा त्या फुगल्याच नाहीत. बोटांच्या चिमटीत धरल्यावर दोन कापडांमध्ये काही आहे की नाही असा संशय येत होता. मध्यरात्रीनंतर मुले एकेक करून उठली आणि स्वयंपाकाच्या चुलीभोवती जाऊन बसली. शिक्षकांचे मत मात्र शेवटपर्यंत हेच राहिले की दुकानदाराने फसवले.

माझी पद्धत साधी आहे. जुन्या सुती धोतराची किंवा लुगड्याची मोठी सैल पिशवी शिवून घ्यावी, एवढी मोठी की बॅग आत टाकल्यावर तिला आळस देता यावा, आणि ती कवेलूच्या खोलीत आढ्याला दोरीने टांगावी. भिंतीला टेकू देऊ नये, कारण पावसाळ्यात मातीच्या भिंतीची ओल कापड ओढून घेते. प्लॅस्टिकच्या पोत्याचा मोह अजिबात धरू नये. त्यात बाहेरचे पाणी शिरत नाही हे खरे, पण आतली ओलही बाहेर पडत नाही. पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत, बॅग एक दिवस सपरीत, म्हणजे पडवीत, पसरून ठेवावी. प्रवासाला निघताना ती लहान पिशवीत भरायची तेव्हा गुंडाळू नये. पायाच्या टोकापासून मूठमूठ आत ढकलत जावे, म्हणजे दर वेळी त्याच रेषेवर मोड पडत नाही.

दुसरी चूक धुण्याची, आणि इथे माझा संयम सुटतो. आमच्याच मंडळातला एक उत्साही तरुण माझी डाऊनची बॅग घेऊन हिमालयात जाऊन आला आणि परत देताना स्वच्छ असावी म्हणून त्याने ती स्वतःच धुतली. हेतू चांगला होता, याबद्दल शंका नाही. विहिरीवर नेली, धुण्याच्या सोड्यात भिजवली, दगडावर घालून मोगरीने बडवली, मग एका टोकाला धरून पाण्यातून वर ओढली आणि भर दुपारी काटेरी तारेच्या कुंपणावर टाकली. यातली एकही पायरी बरोबर नव्हती. सोडा आणि तीव्र साबण पिसांवरचे नैसर्गिक तेल काढून टाकतात, आणि तेल गेले की पिसे कोरडी, ठिसूळ होऊन फुगायचे विसरतात. सर्वांत जास्त नुकसान झाले ते टोकाला धरून उचलण्यात. ओल्या डाऊनचे वजन बरेच वाढलेले असते, आणि कप्प्यांमधले आतले पडदे जाळीसारख्या अगदी पातळ कापडाचे असतात. ते सगळे ओझे त्या पडद्यांवर आले आणि ते फाटले. बॅग वाळल्यावर उजेडासमोर धरली, तर छातीच्या भागात आरपार दिसत होते आणि पायाशी पिसांचा एकच गोळा जमला होता. तो गोळा पाहून त्याने तितक्याच उत्साहाने मला पिंजाऱ्याचा पत्ता विचारला.

मुळात स्लीपिंग बॅग वारंवार धुण्याची वस्तूच नाही. जुन्या मऊ साडीचे अस्तर शिवून आत घालावे. अंगाचा घाम आणि केसांचे तेल ते पिते, आणि धुवायचे ते अस्तर. आपल्याकडे डोक्याला खोबरेल चोपडल्याशिवाय झोप न येणारी माणसे पुष्कळ आहेत, म्हणून बॅगेच्या टोपीचा भाग सगळ्यांत आधी तेलकट होतो. तेवढाच भाग कोमट पाण्यात बुडवलेल्या फडक्याने आणि थेंबभर सौम्य साबणाने पुसला तरी भागते, मात्र पुसताना बाहेरचे कापड भरावापासून चिमटीत वर ओढून धरावे, म्हणजे आतला भराव भिजत नाही.

पूर्ण धुण्याची वेळ आलीच, तर फेब्रुवारी-मार्च गाठावा, कारण तेव्हा हवा कोरडी असते आणि वावटळींची धूळ सुरू झालेली नसते. न्हाणीत मोठे घमेले किंवा टब घ्यावा, कोमट पाणी आणि डाऊनसाठीचा खास द्रव साबण वापरावा. पॉलिस्टरच्या बॅगेला कोणताही सौम्य द्रव साबण चालतो. ब्लीच नको, कपडे मऊ करणारे सुगंधी द्रवही नको. बॅग घासू नये, नुसती दाबत राहावी. साबण पूर्ण निघेपर्यंत पाणी बदलावे, आणि ही पायरी जेवढी कंटाळवाणी वाटते त्याहून जास्त वेळ घेते. पिळू नये. उचलताना दोन्ही हात खालून घालून, बाळंतिणीचे लेकरू उचलावे तशी उचलावी. घरच्या वरून कपडे टाकायच्या मशिनमध्ये मधला फिरता दांडा कप्पे ओरबाडतो. समोरून दार असलेले मोठे मशिन असेल तरच त्याचा विचार करावा. ड्राय क्लीनिंगला तर देऊच नये, विशेषतः डाऊनची, कारण ती रसायने पिसांचे तेलच काढून घेतात.

वाळवायला मी सुतळीची बाज वापरतो. सपरीत, सावलीत, बाजेवर बॅग सपाट पसरली की खालूनही वारा लागतो. थेट उन्हात ठेवू नये. उन्हातल्या अतिनील किरणांनी नायलॉन हळूहळू कुजते, आणि विदर्भाच्या उन्हाला हळूहळू करण्याची सवय नाही. दर दोन-तीन तासांनी उलटावी आणि ओल्या पिसांचे गोळे बोटांनी अलगद फोडावेत. डाऊनच्या बॅगेला यात दोन-तीन दिवस सहज जातात. पहिल्याच संध्याकाळी “वरून तर वाळली” म्हणून ती गुंडाळणाऱ्यांना माझ्याकडून दुसरी बॅग मिळत नाही. वरून वाळली म्हणजे काही वाळली नव्हे. धुण्याआधी बॅग हुकाच्या वजनकाट्यावर तोलून ठेवावी आणि वजन पुन्हा तेवढेच भरेपर्यंत तिला पिशवीत घालू नये. हेअर ड्रायर चालेल का, असेही विचारले जाते. चालत नाही, कापड तापून खराब होऊ शकते आणि आतले ओलेच राहते.

बाकीच्या चुका थोडक्यात. डांबरगोळ्या ठेवू नयेत. त्यांचा वास महिनोनमहिने जात नाही, आणि त्याच पिशवीत नाक खुपसून रात्रभर झोपायचे असते. कडुनिंबाचा वाळलेला पाला लहान पुरचुंडीत बांधून टांगलेल्या पिशवीत ठेवला तर पुरे. मोकळा टाकला तर त्याचा चुरा चेनमध्ये जातो. खिशात शेंगदाणे विसरू नयेत, नाहीतर उंदीर चेन उघडत बसत नाही. सकाळी उठल्याबरोबर बॅग भरू नये; रात्रीचा घाम आणि दव उडून जाईपर्यंत ती उलटी करून अर्धा तास मोकळी ठेवावी. चेन अडकली तर झटका देऊ नये, अडकलेले कापड मागे ओढत चेनही हळूच मागे घ्यावी. चेन जड जाऊ लागली तर मेणबत्तीचे मेण घासावे, तेल लावू नये. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बॅग नुसत्या जमिनीवर टाकू नये, कारण गोखरू आणि कुसळ पातळ नायलॉनमधून सहज आरपार जातात. खाली चटई हवीच, आणि जमिनीचा गारवाही चटईच अडवते, कारण अंगाखाली दबलेला भराव काही कामाचा राहत नाही.

बॅगेवर छापलेला तापमानाचा आकडाही असाच फसवतो. त्यावर बहुधा दोन आकडे असतात: आरामाचा, म्हणजे ज्या थंडीत आरामात झोप लागते तो, आणि मर्यादेचा, म्हणजे ज्या थंडीत अंग चोरून कशीबशी रात्र निघते तो. लोक त्यांतला कमी असलेला, म्हणजे मर्यादेचा आकडा पाहून बॅग घेतात आणि मग कुडकुडतात. विदर्भातल्या थंडीत पारा दहाच्या खाली सहज उतरतो, डिसेंबर 2018च्या अखेरीस नागपुरात तो 3.5 अंशांवर गेला होता, तेव्हा आरामाचा आकडा पाच अंशांच्या जवळपास असलेली बॅग आपल्याकडे बहुतेक रात्रींना पुरते. पण हे दोन्ही आकडे फुगलेल्या नव्या बॅगेचे असतात, पेटीत चेपून निघालेल्या बॅगेचे नव्हे.

राहिली शेकोटी. हुरड्याच्या दिवसांत पऱ्हाटी आणि तुराट्यांची शेकोटी ठिणग्या फार उडवते, आणि एक ठिणगी नायलॉनला पाहता पाहता भोक पाडते. बॅग अंगाभोवती घेऊन शेकोटीला बसू नये, त्यासाठी घोंगडी आहे. भोक पडलेच, तर सुई-दोरा काढू नये. सुईच्या प्रत्येक छिद्रातून डाऊन बाहेर येऊ लागते. भोवतालचा भाग स्पिरिटच्या बोळ्याने पुसून, पूर्ण वाळू देऊन, नायलॉनची चिकटपट्टी गोल कापून लावावी. चौकोनी कापली तर कोपरे आधी सुटतात.