'स्क्रीबो' आणि त्याचा गोतावळा : लॅटिनमधली लिहिण्याची क्रियापदे

कोशात 'लिहिणे' या अर्थी 'स्क्रीबो' सापडते आणि काम झाले असे वाटते. उतारा वाचायला घेतला की हेच क्रियापद कधी वारस नेमते, कधी हुकूम सोडते. उपसर्ग लागला की सैन्यभरती करते, पैसे चुकते करते, माणसाचे नाव मारायच्या यादीतही टाकते. अशा वेळी अर्थ ठरवतात ते त्याचे सोबती. म्हणून क्रियापद दिसले की लगेच भाषांतर करू नये. उपसर्ग कोणता, कर्म काय, आणि ज्याला किंवा ज्याने लिहिले ते नाम कोणत्या विभक्तीत, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.

उच्चाराचे थोडक्यात. लॅटिनचे त आणि द दंत्य आहेत, म्हणून 'स्क्रिप्टम' नव्हे, 'स्क्रीप्तुम्'. इथे 'आय' (रोमन लिपीत ae) हा जोडस्वर तसाच लिहिला आहे, आणि शब्दाच्या शेवटचा ऱ्हस्व अ मराठी वाचनात गळू नये म्हणून तिथे आकार दिला आहे. चर्चच्या परंपरेत 'केरा'चा, म्हणजे मेणाचा, 'चेरा' होतो. इथे प्राचीन उच्चार धरले आहेत.

आधी चार रूपे

स्क्रीबो, स्क्रीबेरे, स्क्रीप्सी, स्क्रीप्तुम्. मी लिहितो, लिहिणे, मी लिहिले, आणि ज्यापासून 'लिहिलेला' हे विशेषण व कर्मणी रूपे होतात ते चौथे. ही चारही एका दमात पाठ हवीत. ब चा प का झाला, तर पुढचे स आणि त अघोष आहेत म्हणून. 'स्क्रीब्सी' असे रूप बनवले की चूक लगेच कानाला खटकली पाहिजे.

देवनागरीत एक अडचण येते: ऱ्हस्व आणि दीर्घ ए सारखाच लिहिला जातो. 'स्क्रीबेरे' तिसऱ्या गणातले (गण म्हणजे एकसारखी चालणाऱ्या क्रियापदांचा गट), मधला ए ऱ्हस्व, आघात 'स्क्री'वर. 'देलेरे' म्हणजे पुसणे, हे दुसऱ्या गणातले, मधला ए दीर्घ, आघात त्यावरच. आघात चुकला की गण चुकतो आणि गण चुकला की भविष्यकाळ बिघडतो. 'मी लिहीन' हे 'स्क्रीबाम्', तू लिहिशील 'स्क्रीबेस्', तो लिहील 'स्क्रीबेत्'. पहिल्या-दुसऱ्या गणाच्या धर्तीवर 'स्क्रीबेबो' करणे ही नवशिक्यांची हमखास चूक. 'स्क्रीबित्' आणि 'स्क्रीबेत्' यांत एका स्वराचा फरक, पण एक 'लिहितो' आणि दुसरे 'लिहील'. शिवाय 'स्क्रीबाम्' हे विध्यर्थाचेही (सब्जंक्टिवचे) रूप आहे. ते कोणते, हे वाक्यच सांगेल. काव्यात 'स्क्रीप्सेरे' भेटले तर ते 'लिहिणे' नव्हे. 'स्क्रीप्सेरुन्त्'चे ते आखूड रूप आहे, अर्थ 'त्यांनी लिहिले'.

मराठी माणसाचा 'ने' कुठे घात करतो

'मार्कुसने लेखणीने पत्र लिहिले.' या वाक्यात दोन 'ने' आहेत आणि लॅटिनमध्ये दोघांची वाट वेगळी. कर्ता प्रथमेतच राहतो: मार्कुस् स्तिलो एपिस्तुलम् स्क्रीप्सित्. 'मार्को' केले की वाक्य कोसळले. साधन मात्र नुसत्या पंचमीत (अब्लेटिवमध्ये), शब्दयोगी न लावता: स्तिलो, म्हणजे टोकदार लेखणीने, कलमो, म्हणजे बोरूने. (हा 'कलमुस्' आणि आपले 'कलम' दोन्ही ग्रीक 'कालामोस्'पर्यंत जातात, एक थेट आणि दुसरे अरबीच्या वाटेने.) कर्मणी रचना केली तरच कर्त्याला 'आ' किंवा 'आब्' लागते: एपिस्तुला आ मार्को स्क्रीप्ता एस्त्. आणखी एक गोष्ट: मराठीत 'लिहिले, लिहिली, लिहिला' कर्मानुसार बदलते, तर 'स्क्रीप्सित्' कर्त्याच्या मागे जाते. कर्म अनेकवचनी असले तरी मार्कुस एकटाच आहे, क्रियापद एकवचनीच.

उलट एका ठिकाणी मराठी फार कामाला येते. 'मला चिठ्ठी लिहायची आहे' हे लॅटिनमध्ये 'मिही एपिस्तुला स्क्रीबेन्दा एस्त्'. करणारा चतुर्थीत, 'मला' तसे 'मिही'. आणि 'लिहायची' जशी चिठ्ठीशी जुळते तशी 'स्क्रीबेन्दा' एपिस्तुलाशी. इंग्रजीतून लॅटिन शिकणाऱ्याला ही रचना घासूनपुसून शिकावी लागते. आपण ती मराठीतून सरळ उचलावी.

कशावर लिहिले हे सांगताना 'इन्' आणि पंचमी: इन् केरा, मेणाच्या पाटीवर, इन् खार्ता, पपायरसवर.

कोणाला लिहिले, आणि काय म्हणून

पत्र कोणाच्या नावे, हे बहुतेकदा 'आद्' आणि द्वितीयेने सांगतात. रोमन वक्ता सिसेरो याचा एक पत्रसंग्रह म्हणूनच 'आद् आत्तिकुम्', त्याचा मित्र अत्तिकुसला लिहिलेला. चतुर्थीही चालते. पण 'लित्तेरास् दारे', पत्र देणे, हा प्रयोग आला की जपून. तिथे 'आद्'वाला माणूस पत्राचा धनी आणि चतुर्थीतला माणूस ते नेणारा जासूद. हे उलटे वाचले तर सगळा पत्रव्यवहार भलत्याच्याच हाती जातो.

'लित्तेरा' एकवचनात अक्षर, 'लित्तेराय' अनेकवचनात अक्षरे किंवा एक पत्र. मग दोन पत्रे कशी म्हणायची? 'दुआय लित्तेराय' म्हटले तर दोन अक्षरे होतील. दोन पत्रांना 'बीनाय लित्तेराय'. संख्यावाचक बदलून रोमनांनी हा घोळ टाळला.

'लिहितो की' याच्या पुढे काय येते तेही पाहावे. कर्ता द्वितीयेत आणि धातुरूप ('येणे'सारखे) आले, तर ती बातमी. 'उत्' आणि विध्यर्थ आला, तर तो हुकूम किंवा विनंती. सीझरने गॉलच्या युद्धावरील पुस्तकाच्या पाचव्या भागात लिहिले आहे: 'स्क्रीबित् लाबिएनो...', आणि पुढे 'वेनिआत्'. इथे 'उत्' गाळलेला आहे, तरी 'वेनिआत्' विध्यर्थात असल्याने अर्थ पक्का: शक्य असेल तर सैन्य घेऊन ये, असे तो आपला सेनाधिकारी लाबिएनुसला कळवतो. 'लाबिएनुस येत आहे असे लिहितो' हे भाषांतर करणाऱ्याने क्रियापदाचा शेवट पाहिलेलाच नाही.

पत्रातल्या काळाचीही एक खुबी आहे. रोमन लेखक पुष्कळदा वाचणाऱ्याच्या वेळेत उभा राहून लिहितो, म्हणून 'स्क्रीबेबाम्', अक्षरशः 'लिहीत होतो'. मराठीत तिथे 'हे लिहीत आहे' असेच करावे.

आणि 'हेरेदेम् स्क्रीबेरे', दोन द्वितीया: अमक्याला मृत्युपत्रात वारस म्हणून नेमणे. इथे 'वारसाला पत्र लिहिले' असे कोणी केले तर इस्टेटच बुडाली.

उपसर्ग

'कोन्स्क्रीबो' हे उत्तम उदाहरण, कारण सीझरच्या एकाच पुस्तकात त्याचे दोन्ही चेहरे दिसतात. पहिल्या भागात 'लेगिओनेस् कोन्स्क्रीबित्', दोन सैन्यदले नावे नोंदवून उभी करतो. पाचव्या भागात इ.स.पू. 54 च्या हिवाळ्यात क्विंतुस सिसेरोची (वक्ता सिसेरोच्या भावाची) छावणी वेढली गेली असताना सीझरचे पत्र जाते, आणि ते 'ग्राय्किस् कोन्स्क्रीप्तम् लित्तेरिस्', ग्रीक अक्षरांत लिहिलेले, म्हणजे शत्रूच्या हाती पडले तरी वाचता येऊ नये. भाल्याला बांधून फेकलेले ते पत्र बुरुजाला अडकले आणि तिसऱ्या दिवशी एका शिपायाच्या नजरेस पडले. कर्म सैन्य असेल तर भरती, कर्म पत्र असेल तर रचना. धातू तोच.

'प्रायस्क्रीबो' आणि 'प्रोस्क्रीबो' यांची गल्लत सर्वांत महाग पडते. पहिल्यात आधी लिहून देणे, म्हणून नेमून देणे, आज्ञा करणे. डॉक्टरचे प्रिस्क्रिप्शन इथलेच. दुसऱ्यात लोकांसमोर लिहून लावणे: घर विकायला काढले तरी 'प्रोस्क्रीबो', आणि माणूस कायद्याबाहेर टाकला तरी तेच. इ.स.पू. 82 मध्ये रोमचा हुकूमशहा सुल्लाने अशा याद्या लावल्या. इ.स.पू. 43 च्या यादीत सिसेरोचे नाव होते आणि त्याच डिसेंबरात तो मारला गेला. कर्म वस्तू की माणूस, एवढे पाहिले तरी चूक टळते.

बाकीची भराभर: 'इन्स्क्रीबो' कोरणे, पत्ता घालणे, शीर्षक देणे ('लिबेर् क्वी इन्स्क्रीबितुर्' म्हणजे 'अमुक नावाचे पुस्तक', आणि पुढचे नाव प्रथमेत). 'सुब्स्क्रीबो' खाली सही करणे, खटल्यात फिर्यादीला जोड देणे. 'रेस्क्रीबो' उत्तर लिहिणे, लेखी हुकमाने पैसे परत करणे. 'पेर्स्क्रीबो' सविस्तर, पूर्ण लिहिणे. 'त्रान्स्क्रीबो' नक्कल करणे, दुसऱ्याच्या नावे करणे. 'देस्क्रीबो'त नक्कल, वर्णन आणि आकृती काढणे हे तिन्ही आहे. सिराक्यूज पडले तेव्हा आर्किमिडीज धुळीत ज्या आकृत्या काढून बसला होता, त्यांना रोमन इतिहासकार लिवीने हेच क्रियापद लावले आहे. याचा जुळा 'दिस्क्रीबो', वाटून देणे. हस्तलिखितांत दे- आणि दि- सर्रास अदलाबदल झालेले असतात, म्हणून अर्थ बसेना तर दुसरे वाचून पाहावे.

स्क्रीबोबाहेरची क्रियापदे

'एक्सरो' म्हणजे मूळात नांगरून वर काढणे. मेणात लेखणीने ओळ ओढली की तेच. सिसेरोच्या पत्रांत ते 'घाईने खरडले' असे येते, त्याला गंभीर ग्रंथलेखनासाठी वापरू नये. 'दिक्तो' तोंडी सांगून लिहवणे. स्वतः लिहिले हे ठसवायचे तर 'मेआ मानू', माझ्या हाताने, असे जोडतात. चूक दुरुस्त करताना 'स्तिलुम् वेर्तेरे', लेखणी उलटी करणे: तिचे एक टोक अणकुचीदार, दुसरे चपटे, आणि चपट्याने मेण सपाट होई. चर्मपत्रावर मात्र 'रादेरे', खरवडणे. 'देलेरे' दोन्हीकडे चालते, आणि शहर जमीनदोस्त करायलाही.

सराव भिंतीवर करावा. पॉम्पेईत ग्लॅडिएटरांच्या खेळाची एक रंगवलेली जाहिरात आहे. तिच्यात रंगवणाऱ्याने आपले नाव दिले आहे: स्क्रीप्सित् आय्मिलिउस् केलेर्, सिंगुलुस्, आद् लूनम्. एकट्याने, चंद्रप्रकाशात. भिंतीवर पहिला शब्द आद्याक्षरांत तोडलेला आहे, म्हणून 'लिहिले' हे रूप ओळखून पुरे करावे लागते. कुंचल्याने रंगवले तरी क्रियापद स्क्रीबोच. जुन्या छापील चित्रांखाली आणि नकाशांखालीही अशीच तोडलेली रूपे भेटतात: 'पिंक्सित्' रंगवले, 'देलीनेआवित्' रेखाटले, 'स्कुल्प्सित्' ठसा कोरला. सगळी भूतकाळी, एकवचनी, आणि कर्ता प्रथमेत. तीन नावे असतील तर तीन वेगळी माणसे, एकाच चित्राचे तीन मालक नव्हेत.

कोश चाळताना एवढे सांभाळावे: उपसर्गाचे शेवटचे व्यंजन पुढच्या स मध्ये विरघळते. 'आस्क्रीबो' सापडले नाही तर 'आद्स्क्रीबो'खाली पाहावे, आणि 'एक्स्क्रीबो' दिसले तर ते 'एक्स्-स्क्रीबो', उतरवून घेणे, असे फोडावे.